खारी साडी

तिने साडीचा काठ जिभेला लावला आणि माझ्याकडे बघितलं.

"काकू, खारट लागते."

सकाळचे सात वाजले होते. बाहेर पाऊस कोसळत होता. नऊ वाजता तिला दवाखान्यात मुलाखतीला हजर व्हायचं होतं. पाच वर्षं ती तिथे आया म्हणून बदलीवर राबत होती, आता कायम होण्याची वेळ आली होती. पांढऱ्या साड्या तिच्याकडे दोनच. एकीवर काजूच्या चिकाचा डाग, तो काही जन्मात जात नाही. दुसरी ही. रात्रभर स्टोव्हवरच्या दोरीवर टांगूनही ओलीच. पावसाळ्यात मिठाची बरणी पाझरते ना, तशी. ती निखारे भरलेला पितळी तांब्या साडीवरून फिरवत होती आणि साडी तांब्याच्या बुडाला चिकटत होती.

"खळीच्या पेजेत मीठ होतं का काकू?"

"मी कशाला मीठ घालीन?" मी म्हणाले.

माझ्या डोक्यावरच्या खोल्यांत ती राहायची. नवरा मुंबईला गिरणीत होता. गिरण्या बंद पडल्या, मनिऑर्डर थांबली, आणि हिने कपड्यांवरचा खर्च बंद केला. पोटाला चिमटा नको, पोरीच्या शाळेला नको, म्हणून कपड्यांना. "पाणी आभाळाचं, हात घरचे, मग खर्च कसला?" हे तिचं ठरलेलं वाक्य. जिन्यात भेटली तरी तेच, पाण्याच्या रांगेत भेटली तरी तेच. ऐकून ऐकून माझे कान किटले.

तुमच्याही बिल्डिंगमध्ये अशी एखादी असेलच. असली तर तुम्हाला माहीत असेल, तिच्या काटकसरीचा त्रास तिला होत नाही, खालच्या मजल्याला होतो. गच्चीतल्या पन्हळीखाली हिच्या बादल्या. आपण गच्चीत गेलो की पाय त्यांनाच अडखळणार. साबणाचे उरलेले तुकडे जुन्या पायमोज्यात कोंबून ती त्याने कपडे घासायची. रंगीत कपड्यांना रिठे. एक बादली पाणी तिच्याकडे चार जन्म घ्यायचं. आधी पांढरे कपडे, मग रंगीत, मग पायपुसणं, आणि शेवटी तेच पाणी जिन्यावर. मी घसरले एकदा त्यावर.

"जिना तरी स्वच्छ झाला ना, काकू?" वर हे.

मी माझ्या चादरी नाक्यावरच्या लाँड्रीत द्यायचे. ते तिला बघवायचं नाही.

"लाँड्रीवाला काय गंगेत धुतो?"

"गंगेत धुवो नाहीतर गटारात, मला पिळावं लागत नाही."

"पिळलं की हात मोकळे होतात, काकू."

खळीचे पैसेही ती वाचवायची, आणि ते माझ्या जिवावर. मी रोज सकाळी पेज करते. आमच्याकडे पेज म्हणजे मीठ हवंच. पण मीठ घालायच्या आधी वरचं पांढरं पाणी मी तिच्या पातेल्यात काढून जिन्यावर ठेवायचे. सकाळी वरून हाक यायची, "काकू, पेज ठेवा हां!" दोन वर्षं ही हाक चुकली नाही. त्या पेजेची खळ लावलेली तिची साडी अशी कडक उभी राहायची की लाँड्रीवाल्याने तिच्याकडे शिकायला यावं. हे मी तेव्हा कोणाजवळ बोलले नाही.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी लाँड्रीतून आलेली माझी चादर खिडकीजवळ ठेवली होती. वरून हिचे पिळलेले कपडे ठिबकले आणि चादर भिजली. मी जिन्यातून ओरडले. ती वाकून म्हणाली, "आभाळाचंच पाणी, काकू, वाळेल." माझं डोकं फिरलं. तशीच चुलीपाशी गेले, पेजेत नेहमीचं मीठ टाकलं, ढवळलं, आणि मग हिचं पातेलं समोर दिसलं. त्यात तीच पेज ओतली आणि ते जिन्यावर आदळून ठेवलं. खळीत मीठ गेलं की पावसात कपडा वाळत नाही, हे मला ठाऊक होतं. ओतताना ते आठवलं होतं का? चौथीपर्यंत शिकलेली बाई आहे मी, पण एवढा हिशेब मला कळतो. म्हणून तो मी करत नाही.

तर ती साडी. तिने मला पुन्हा काही विचारलं नाही. साडी उचलली, गच्चीत गेली, पन्हळीखाली धरून सगळी खळ धुऊन काढली, पिळली आणि ओलीच नेसली. मी छत्री पुढे केली.

"राहू दे काकू. भिजतच जाते. सगळ्यांना वाटेल पावसाने भिजली."

हुशार होती हो. पण बाकीच्या बायका छत्र्या घेऊन कोरड्या आल्या होत्या.

संध्याकाळी ती दारात उभी राहिली. शिंकत होती. साडी अंगावरच वाळून चुरगळली होती.

"काय झालं गो?"

"मेट्रनबाई म्हणाल्या, जिला स्वतःची साडी वाळवता येत नाही, ती पेशंटच्या चादरी काय वाळवणार."

अख्ख्या रत्नागिरीत तिच्यासारखं कपडे वाळवणारं कोणी नव्हतं. मी तोंड उघडलं आणि चहा घेतेस का एवढंच विचारलं.

बिल्डिंगमध्ये गोष्ट पसरली. खळीचे पैसे वाचवायला खारट पेज लावली, कंजूषपणा नडला, सगळे म्हणाले. लाँड्रीवालासुद्धा म्हणाला, "चार पैसे दिले असते तर कडक इस्त्री करून दिली असती." खारी साडी हे तिचं नावच पडलं. मीही हसले त्यांच्यात. तिने कधी कोणाला सांगितलं नाही की पेज खालून यायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कान लावून बसले होते. हाक आली नाही. त्यानंतर कधीच आली नाही. साडी ती बिनखळीची नेसून जायची.

पुढे नवरा मुंबई सोडून परत आला आणि ती माणसं राजापूरकडे आपल्या गावी गेली. जायच्या दिवशी ती माझ्या दारात आली. हातात ते पातेलं, राखेने घासून लख्ख केलेलं.

"हे ठेवा काकू. पेज उरली तर टाकू नका, कोणाला तरी द्या." चप्पल पायात सरकवत ती म्हणाली, "मीठ घालायच्या आधी."

मी पातेलं हातात घेतलं. एसटी चुकेल म्हणून ती निघाली.

वर आता दुसरी माणसं आहेत. कपडे मशीनमध्ये धुतात, खाली थेंब पडत नाही.

मीठ मी घातलं होतं. ओल्या साडीत दवाखान्यात ती गेली, आणि बदलीवरची आणखी तीन वर्षं तिने काढली.