मिनूची करप्याची डबी

मिनूच्या रक्तात बुरशी गेली आहे, असं डॉक्टर म्हणाले तेव्हा मी तिच्याकडे पाहिलं आणि तिने माझ्याकडे. दोघींच्या मनात एकच गोष्ट होती, लोणावळ्याच्या आमच्या घरी फ्रीजमध्ये ठेवलेली हिरव्या झाकणाची डबी. औषधं चालू होती, पण लागू पडत नव्हती. डॉक्टर गेल्यावर मी तिच्या कानाशी वाकले. "तुझे ते डबीतले जंतू बुरशी मारतात ना? मग सांग की डॉक्टरांना!" मिनूने तोंडावरचा मास्क बाजूला केला. "ताई, ते अजून औषध नाही गं. बुरशीच्या आधी मलाच मारेल कदाचित..." मला तिचा भयंकर राग आला. त्याच आठवड्यात ती गेली. महिना उलटला, राग काही जात नाही.

मिनू म्हणजे मिनल, माझी धाकटी बहीण. जन्मभर तिने पिकांवरचे रोग गोळा केले. लोक घरी फुलं आणतात, ही करपलेली पानं आणायची. भाताला करपा आणणारे जंतू आपल्या बचावासाठी काही द्रव्यं तयार करतात, त्यातून माणसांसाठीही औषध निघू शकेल, हे ती मला भाजी निवडता निवडता समजावायची. आंदर मावळातल्या एका भातखाचरातले जंतू तर असे निघाले की काचेच्या बशीत त्यांच्या आसपास बुरशी फिरकेचना. आणि प्रयोगशाळेतला फ्रीज बिघडून नेमके तेच मेले. आता ते पुन्हा मिळाले तर त्याच खाचरात. घाईघाईत तिने खाचराच्या मालकीणबाईंना, हौसामावशींना, फोनवर एवढंच सांगितलं, की उद्या खाचर बघायला येतोय.

आम्ही पोचलो तर मावशी बांधावर हसत उभ्या. "या म्याडम! तुमी येनार म्हनून रोगाट समदं उपटून टाकलं. पाव्हन्यांना असलं भात दावायचं व्हय?"

"उपटलेलं कुठंय मावशी?"

"तितं. पेटवलंय की मगाशीच."

खाचराच्या टोकाला धूर दिसत होता. मिनू चिखलातून धावत सुटली, चपला तिथेच रुतल्या. मी मागून ओरडतेय, पण ऐकते कोण? तिने धुमसत्या ढिगात सरळ हात घातले. "आगं बया, हात भाजंल!" म्हणत मावशींनी विळ्याने ढीग विस्कटला. तळाशी थोडी ओली पानं उरली होती, पिवळ्या पट्ट्यांची. परतीच्या वाटेवर मिनूच्या तळहातांना फोड आले होते, तरी पिशवी तिने माझ्याकडे दिली नाही. बशीतली बुरशी पुन्हा मागे सरेपर्यंत ती नीट जेवलीसुद्धा नाही.

तेव्हापासून तिने कुणावर भरवसा ठेवला नाही. थोडे जंतू घरी, कोथिंबिरीशेजारी, त्या डबीत. मी कटकट करायचे. तिचा एकच नियम होता, वीज गेली की फ्रीज उघडायचा नाही.

परवा हौसामावशी भेटायला आल्या. म्हणाल्या, "कोपऱ्यातलं रोगाट आवंदा तसंच ठिवलंय. कुनाला हात लावू देत न्हाई." मला रडू आवरेना.

डबी न्यायला मिनूचे सहकारी उद्या येणार आहेत. आतले जंतू जिवंत आहेत की नाहीत, ते तेव्हाच कळेल. आज दुपारी वीज गेली. शेजारीण चहाला आलेली, दूध फ्रीजमध्ये. मी तिला कोरा चहा दिला आणि वीज येईपर्यंत फ्रीजच्या दाराला पाठ लावून उभी राहिले.