परब बाई खाली बसल्या

घाटकोपरच्या भटवाडीतल्या एका शाळेत सुलक्षणा परब यांनी सगळी नोकरी मुलांना पळवण्यात आणि उड्या मारायला लावण्यात घालवली. पीटीच्या बाई. पांढरे बूट, कमरेला खोचलेला पदर, आणि आवाज असा की त्यांनी मैदानावर 'सावधान' म्हटलं की कुंपणापलीकडचा रिक्षावालाही क्षणभर ताठ व्हायचा. निवृत्त झाल्यावरही बाजारात कुणीतरी मोठा झालेला विद्यार्थी "बाई, ओळखलंत का?" म्हणत वाकायचा, आणि बाई त्याच्या सुटलेल्या पोटाकडे बघून म्हणायच्या, "ओळखलं रे. पण हे काय करून घेतलंयस?"

अशा बाई दोन वर्षांपूर्वी आपल्याच बिल्डिंगच्या जिन्यात पडल्या. लिफ्ट बंद होती, हातात भाजीची पिशवी होती. जिना संपला असं वाटून त्यांनी पाऊल टाकलं, पण एक पायरी उरली होती. उजव्या खुब्याचं हाड मोडलं. दुपारची वेळ, सगळ्यांची दारं लावलेली, आत टीव्ही चालू. बाई फरशीवर आडव्या पडून हाका मारत होत्या आणि आवाज घशाबाहेर येत नव्हता. बऱ्याच वेळाने वरच्या मजल्यावरच्या मालनताई खाली उतरल्या, तेव्हा कुठे आरडाओरडा झाला.

ऑपरेशन झालं, रॉड बसला, हाडही छान जुळलं. डॉक्टर म्हणाले, "आता चाला, फिरा, खाली बसा. काही हरकत नाही." पण बाईंनी जमिनीचा धसकाच घेतला. खाली बसायचं म्हटलं की छातीत धडधडायचं. पूजेला खुर्ची, भाजी निवडायला खुर्ची. गणपतीत गावी गेल्या तर अख्खं घर खाली पंगतीला आणि बाई एकट्या कोपऱ्यात टेबलाशी. हातातून चमचा निसटला तरी त्या वाकत नसत. "श्रुतिका!" अशी हाक मारत.

श्रुतिका त्यांची सून. मुलगा प्रीतम विमानतळावर कामाला, त्याच्या शिफ्टचा पत्ता नसायचा. त्यामुळे सकाळी सासूला आंघोळीला हात देणं, डबे करणं, मेट्रोने अंधेरीचं ऑफिस गाठणं, परत येऊन सासूला सोसायटीत फिरवून आणणं, हे सगळं श्रुतिकाच्या अंगावर. तिने कधी तोंड वाकडं केलं नाही. बाई शेजारणींना कौतुकाने सांगायच्या, "आमची श्रुतिका फार शांत हो."

दिवाळीनंतर एका संध्याकाळी श्रुतिकाने मोबाईल त्यांच्यापुढे धरला. मुरबाडच्या पुढे डोंगरावर शनिवार-रविवारचं शिबिर होतं. ध्यान आणि हळुवार व्यायाम.

"हळुवार व्यायाम हा काय प्रकार?" बाई म्हणाल्या. "व्यायाम करायचा तर घाम काढा. नाहीतर सरळ झोपा."

"आई, मला जायचंय," श्रुतिका म्हणाली. "तुम्हाला एकटं ठेवून कशी जाऊ? चला ना माझ्याबरोबर."

'मला जायचंय' हे शब्द बाईंनी तिच्या तोंडून कधी ऐकले नव्हते. शनिवारी पहाटे दोघी गाडीत बसल्या.

डोंगराच्या पदरात, दोन वाड्यांच्या मधल्या माळावर ते ठिकाण होतं. राहायला चार-पाच खोल्या, आणि एक लांबलचक पडवी. पडवीच्या एका बाजूला भिंत नव्हतीच, थेट दरी. पिवळं पडलेलं गवत खालपर्यंत उतरत गेलेलं. नाश्त्याला नाचणीची आंबील आली आणि बाईंना जरा बरं वाटलं. शिकवणाऱ्या मृणालिनीताई बोरिवलीच्या, पन्नाशीच्या, बारीक केस कापलेल्या. त्यांनी काही न विचारता बाईंसाठी खुर्ची मांडली. बाकी सगळे चटयांवर.

"एक हात वर न्यायचा," मृणालिनीताई म्हणाल्या. "जितका सावकाश जमेल तितका सावकाश."

एवढ्या वेळात माझी पोरं अख्खी कवायत करून पाणी प्यायला गेली असती, असं बाईंच्या मनात आलं. पण हात वर नेता नेता त्यांना एक चमत्कारिक गोष्ट कळली. मग उभं राहून पाय जमिनीवर रोवायला सांगितलं तेव्हा ती पक्कीच झाली. अंगाचा सगळा भार डाव्याच बाजूला होता. उजवा नुसता टेकवलेला, पाहुण्यासारखा.

मृणालिनीताईंच्याही ते लक्षात आलं. जवळ येऊन त्या हळूच म्हणाल्या, "उजवा पाय रागावलाय का तुमच्यावर?"

"तो कशाला रागावेल?" बाई म्हणाल्या. "मीच रागावलेय त्याच्यावर. दगा दिला मेल्याने."

"मग आज बोला त्याच्याशी थोडं."

असलं बोलणं बाईंना एरवी फाजील वाटलं असतं. पण संध्याकाळी माळावर चालताना त्या खरंच उजवं पाऊल पूर्ण टेकवून बघत होत्या, कुणाचं लक्ष नाही ना हे पाहून.

रविवारी सकाळी सगळे चटईवर उताणे पडले होते. बाई खुर्चीत, डोळे अर्धे मिटून. ऊन नुकतं पडवीत आलं होतं. मृणालिनीताई संथपणे बोलत होत्या. श्वास, खांदे, पाठ. मग म्हणाल्या, "आत्ता या क्षणी तुमच्याकडून कुणालाही काहीही नकोय."

तेवढ्यात बाईंना एक बारीक आवाज ऐकू आला. त्यांनी डोळे उघडले. समोरच्या चटईवर श्रुतिका कुशीवर वळली होती. ओढणीचा बोळा तोंडात धरून ती रडत होती, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. पाठ नुसती हलत होती.

बाई उठल्या. खुर्चीचा हात धरून गुडघा टेकला, मग दुसरा, आणि चटईवर सरकत सुनेच्या डोक्याशी जाऊन बसल्या. हे सगळं कसं केलं, ते त्यांना नंतर सांगता आलं नाही.

"काय झाला गो बाय?" त्यांच्या तोंडून माहेरची बोली निघाली. "पोटात दुखता?"

श्रुतिकाने मान हलवली. "काही नाही आई. दमलेय हो मी. खूप दमलेय." मग म्हणाली, "कुणाला काही नकोय म्हणाल्या ना त्या... असं शेवटचं कधी झालं होतं तेच आठवेना मला."

ज्याला बाई दोन वर्षं शांतपणा समजत होत्या, तो हा थकवा होता. त्यांनी तिचं डोकं मांडीवर ओढून घेतलं आणि थोपटत राहिल्या. आजूबाजूचे लोक डोळे मिटूनच पडून राहिले.

खूप वेळाने श्रुतिकाने नाक पुसलं, वर बघितलं आणि एकदम म्हणाली, "आई! तुम्ही खाली बसलायत!"

"बसलेय खरी," बाई म्हणाल्या. "आता उठवणार कोण?"

दोघींना हसू फुटलं. श्रुतिका धडपडत उठायला लागली तशी मृणालिनीताईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "तू पडून राहा. त्यांच्या त्या उठतील."

बाईंचं हसू मावळलं. पहिल्यांदा जोर केला तो वाया गेला. त्या पुन्हा बसत्या झाल्या. तळव्यांना गार जमीन लागली आणि जिन्यातली ती दुपार आठवली. कपाळाला घाम आला. पण कुणी घाई केली नाही, कुणी ओढलं नाही. "आधी रांगा," मृणालिनीताई म्हणाल्या. "मग हात खुर्चीवर. आता उजवा पाय पुढे. तोच. भार द्या त्याच्यावर, घेईल तो."

बाईंनी भार दिला. पाय थरथरला आणि त्याने तो घेतला. त्या उभ्या राहिल्या, दरीकडे तोंड करून, धापा टाकत.

"परत बसते," त्या म्हणाल्या. जेवणाची घंटा होईपर्यंत त्या बसत होत्या आणि उठत होत्या.

घरी आल्यावर त्यांनी प्रीतमला समोर उभं केलं. "माझी आंघोळ माझी मी करीन. आणि उद्यापासून डबे तू करायचे."

"आई, मला पोळ्या येत नाहीत यार!"

"मग भात कर. शिकशील हळूहळू."

प्रीतमच्या पोळ्या अजून जाडच होतात. बाई सकाळी देवापुढे खाली बसतात. उठताना अजूनही पाटाचा आधार लागतो, आणि एखाद्या दिवशी धीर झाला नाही तर सरळ खुर्ची घेतात. त्याचं वाईट वाटून घेत नाहीत. शनिवार मात्र श्रुतिकाचा. परवा ती मैत्रिणींबरोबर वांद्र्याला समुद्रावर गेली होती. तिथून तिचा फोन आला.

"आई, जेवलात का? गोळी घेतलीत?"

"तुला काय करायचंय?" बाई म्हणाल्या. "फिर तू."