दम सुटला, असं तो म्हणाला

सोपान गेल्याची बातमी मला कारखान्याच्या फाटकावर कळली. आमच्या हुतूतूच्या संघातला नामदेव जेवणाच्या सुट्टीत सायकल धरून उभा होता. "धनुर्वात झाला. सकाळी गेला," एवढंच म्हणाला. आठवड्यापूर्वी सोपानच्या पायात खिळा घुसला होता. त्यानं हळद दाबून नांगर चालूच ठेवला होता. मी मान हलवली, आत गेलो आणि शिफ्ट पुरी केली. आज दीड महिना झाला, अजून रडू आलेलं नाही...

मी मूळचा चिपळूणकडचा. पिंपरीत नोकरी लागली म्हणून तळवड्यात खोली घेतली. तिथं पहिल्याच आठवड्यात सोपाननं मला देवळामागच्या मैदानावर ओढून नेलं. तो माझ्याच वयाचा शेतकरी गडी, संघाचा कप्तान. "कोकण्या, पाय चपळ हायेत तुझे, उद्यापासनं येत जा," म्हणाला आणि मी जात राहिलो. त्याच वर्षी आम्ही चिंचवडच्या सामन्यांत शेवटच्या फेरीपर्यंत पोचलो. अख्खं गाव बैलगाड्या जुंपून आलं होतं. वेळ संपत आली होती, आम्ही एका गुणानं मागे होतो आणि शेवटची चढाई सोपानची. त्यानं एकाला शिवलं, त्याच गड्यानं त्याचा पाय धरला, तरी फरफटत त्यानं मधल्या रेघेला हात लावला. पंचांनी गुण दिला. बरोबरी झाली, आता जादा डाव होणार होता. आरडाओरड्यात सोपान उठला, अंगावरची माती न झाडताच पंचांकडे गेला आणि म्हणाला, "दम सुटला व्हता माझा. रेघेच्या आधीच." पंचांनी निर्णय फिरवला. आम्ही हरलो.

परतीच्या गाडीत त्याच्याशी कुणी बोललं नाही. मीही नाही. त्याच्या वडिलांनी पंधरा दिवस त्याच्याकडे पाहिलं नाही. मग हेडमास्तरांनी शाळेत बोलावून मुलांसमोर त्याच्या खरेपणाचा सत्कार केला, आणि तिथून त्याचं बिनसलं ते बिनसलंच. त्यानं हार गळ्यातून काढून खुंटीला अडकवला आणि मैदानाकडे फिरकणं सोडलं. शिव्या देणाऱ्यांसमोर तो उभा राहायचा, पण कुणी शाबासकी दिली की वाट बदलायचा.

चार महिन्यांनी मी त्याला इंद्रायणीच्या काठी बैल धुताना गाठलं. त्यानं बैलाची पाठ घासून घेतली. मग म्हणाला, "खरं सांगू? दम सुटला का न्हाई, मलाबी नीट ठावं न्हाई. जादा डाव खेळायची ताकदच उरली नव्हती रं. संपावं असं वाटलं... म्हणून बोललो. आन् लोक मला खरा माणूस म्हणत्यात."

"हे गड्यांना सांग," एवढंच मी म्हणालो. त्याच संध्याकाळी तो मैदानावर आला, सगळ्यांपुढं जसंच्या तसं बोलला आणि मान खाली घालून उभा राहिला. कुणीतरी थुंकलं. नामदेव मात्र म्हणाला, "दमला व्हतास तर आमाला सांगायचं. जादा डावात तुला बसवला असता, आमी काय मेलो व्हतो व्हय?" सोपान मटकन खाली बसला आणि मोठमोठ्यानं रडला. मोठा माणूस असा रडलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा हरलो, तेही उपान्त्य फेरीत, चांगलेच. मैदानाबाहेर येताच त्यानं विचारलं, "भाकरी कुणी आणलीया? लई भूक लागली राव." सगळे हसले. त्याच दिवशी त्यानं एक रीत पाडली. हरल्यावर कुणी एकट्यानं घरी जायचं नाही. सगळ्यांनी आधी त्याच्या ओट्यावर बसायचं, चहा घ्यायचा, मगच पांगायचं.

गेल्या रविवारी आम्ही थेरगावकडून हरलो. कुणी काही ठरवलं नव्हतं, पण पाय त्याच्या घराकडेच वळले. त्याची बायको हिरा दारात आली. आमचे चेहरे तिनं पाहिले आणि ती आत वळली. आत चूल फुंकल्याचा आवाज आला. आम्ही ओट्यावर ओळीनं बसलो. थोड्या वेळानं तिनं चहा आणला, एकेकाच्या हातात कप दिला आणि उंबऱ्याशी उभी राहून म्हणाली, "बसा जरा. लगीच उठू नका."

आम्ही बसून राहिलो.