तांडेलाचे तीन वाव

मिठाच्या सत्याग्रहानंतरच्या वर्षी, दसऱ्यानंतरच्या दुसऱ्या सोमवारी सकाळी, रत्नागिरीच्या बंदरकचेरीत राजिवड्याच्या एका म्हाताऱ्या तांडेलाचा जहाजांना वाट दाखवण्याचा परवाना काढून घेतला. हा सरळ अन्याय होता. मी कचेरीत हजर होतो आणि त्याआधी होडीतही होतो, म्हणून बोलतो.

एका कंपनीला मोठ्या आगबोटी भाट्याच्या खाडीत आणायच्या होत्या. खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा, तेव्हा पाणी कुठे किती याचा नकाशा हवा. त्या उन्हाळ्यात हे तांडेल, ज्यांना आम्ही चाचा म्हणतो, ऐन ओहोटीला शिशाचा गोळा बांधलेली दोरी सोडायचे, गोळा तळाला टेकला की भिजलेली दोरी वर ओढून दोन्ही हात फैलावून मापायचे. या बोटापासून त्या बोटापर्यंत एक वाव. आमच्याकडे सगळे खलाशी असंच मापतात. मी आकडे वहीत उतरवत होतो.

पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "लिहून ठेव बाबा, हा वाव माझ्या हातांचा हाय. साहेबाचा नव्हे."

मी समासात लिहिलं. कचेरीतल्या कारकुनाला तोंडीही सांगितलं. तो हसला. वाव म्हणजे सहा फूट, म्हाताऱ्याचे हात आखूड त्याला सरकारने काय करावं? समास गाळून त्याने नक्कल केली. दांड्यावर तीन वाव, म्हणजे अठरा फूट. आगबोटीला सोळा लागत. झालं, ओहोटीलाही वाट मोकळी.

पावसाळ्यानंतरची पहिलीच आगबोट ऐन ओहोटीला त्या वाटेने आली आणि दांड्यावर रुतली. चाचा तिच्यावर नव्हतेच. घरी शिडाला टाके घालत होते. तरी गुन्हेगार तेच.

चौकशीत मी वही मागितली. गहाळ झाली म्हणे. मग मी चाचांना हात फैलावायला लावून कचेरीचीच टेप धरली. पाच फूट दोन इंच. तिप्पट करा. साडेपंधरा.

अधिकारी टेपेकडे न बघता मला म्हणाले, "तुम्ही पत्रकं काढता ते ठाऊक आहे. बसा."

चाचा तसेच हात फैलावून उभे. खाली घ्या, असंही कुणी म्हटलं नाही.

पुढे महिन्याभरात नकाशा गुपचूप बदलला. दांड्यावर आता साडेपंधरा फूट छापलंय. म्हणजे चूक कळली. परवाना मात्र आजतागायत परत नाही.

तेव्हा हे वाचून नुसते हळहळू नका. उद्या बंदरकचेरीत जा, चाचांचा परवाना परत द्या असा अर्ज करा, आणि हातात लेखी उत्तर पडेपर्यंत तिथून उठू नका.