अंड्यावरची फुली

ओबदुलियाला माणसं आवडत नाहीत. हे ती स्वतःच सांगते, आणि त्यात खोटं काही नाही. आमच्या घरांची भिंतीला भिंत लागलेली. तिची आई, डोन्या त्रान्सितो, आणि मी वर्षानुवर्षं एकत्र मक्याच्या तोर्तिया थापतोय, पण ओबदुलिया माझ्याशी अजून गॅसवाल्याशी बोलावं तसं बोलते. सगळं गोड बोलणं तिने मागच्या खोलीसाठी राखून ठेवलेलं. तिथे फळ्यांवर डबेच डबे, आणि डब्यांत तिचे पाळलेले लहान जातीचे अजगर.

पिल्लू अंड्यातून निघालं की ती त्याला ओल्या कागदावर ठेवते आणि पहिली कात टाकेपर्यंत त्रास देत नाही. मग मेलेलं उंदराचं पोर चिमट्यात धरून त्याच्यापुढे नाचवते. पिल्लाने तोंड फिरवलं तर त्या पोराचं डोकं सुईने फोडते. मेंदूचा वास आला की पिल्लू झडप घालतं. "खा गं माझी राणी, खा," असं तिचं चाललेलं असतं, आणि तेवढ्यात आईने दारातून सूप गार होतंय म्हटलं की, "अमा, तोंड बंद!" पाठीत वाकडं निघालेलं पिल्लू ती डबीत घालून फ्रीझरमध्ये टाकते. तेव्हा तिच्या कपाळावर आठीसुद्धा नसते.

कैक वर्षं जोडी लावून शेवटी तिच्या लाडक्या मादीने, रेनाने, सात अंडी घातली. त्यांतून पांढरीशुभ्र पिल्लं निघणार होती. मेक्सिको शहरात सापांची जत्रा भरते, तिथले शहरी पाळणारे आमच्या गावावरून 'कुआउत्लाची काकू आली' म्हणून हिला हसायचे. त्या पिल्लांनी त्यांची तोंडं बंद होणार होती. ओबदुलियाचा सगळा जीव त्या अंड्यांत होता. एकेक अंडं सुटं करून, डोक्यावर पेन्सिलीने फुली मारून, तिने ते उबेच्या पेटीत ठेवलं.

आणि तिचं अपेंडिक्स फुटलं. तिला टॅक्सीत घालताना दंड मी धरला होता. म्हातारी मागून धावत आली. "पोरी, अंड्यांचं काय करू?"

ओबदुलिया कळांनी दुमडली होती, तरी टोमणा मारायचं सुटलं नाही. "कोंबड्यांच्या अंड्यांचं करतेस तेच कर! एवढं तरी जमेल ना?"

म्हातारीचा जन्म कोंबड्यांत गेलेला. दिव्याच्या उबेवर अंडी ठेवली तर ती रोज उलटावी लागतात, नाहीतर पिल्लू कवचाला चिकटतं. उलटलं की नाही ते कळावं म्हणून आमच्या बाया अंड्याच्या एका बाजूला फुली मारतात. म्हातारीने पेटी उघडली, फुल्या बघितल्या आणि हरखून गेली. "बघ चोले," मला म्हणाली, "पोरगी माझं बघूनच शिकलीय! बोलत नाही एवढंच." ओबदुलिया इस्पितळातून येईपर्यंत ती सकाळ, दुपार, संध्याकाळ अंडी उलटत राहिली. वर प्रत्येक अंड्यावरून हाताने क्रूसाची खूणही करायची बिचारी.

सापाचं अंडं उलटायचं नसतं. सारखं उलटलं तर आत पिल्लू गुदमरतं. ओबदुलियाची फुली ती बाजू कायम वर राहावी म्हणून होती. हे आम्हाला कोण सांगणार?

परत आल्यावर तिने पेटी उघडली तर फुल्या खाली. त्यानंतर आईशी एक शब्द नाही. ताटही तिच्याकडे न बघता घ्यायची. पिल्लं निघायचे दिवस उलटून गेले, एकही अंडं फुटलं नाही, तेव्हा तिने आईला मागच्या खोलीत बोलावलं. म्हातारीने भीतीने मला हाताला धरून नेलं.

ओबदुलियाने तिच्या हातात नखं कापायची कात्री दिली. "काप."

पहिल्या अंड्यात वेटोळं घातलेलं पांढरं पिल्लू होतं.

"कसं आहे?"

"मेलंय गं."

"मोठ्याने."

"मेलंय."

"पुढचं."

तिसऱ्या अंड्यानंतर मला राहवेना. "अगं, तूच म्हणालीस ना, कोंबड्यांसारखं कर म्हणून? मी होते तिथे!"

ओबदुलियाचा चेहरा लालबुंद झाला. आता ही कात्री काढून घेईल असं मला वाटलं. पण म्हातारीच मध्ये पडली. "नाही गं चोले, ती असं नव्हती म्हणाली. माझेच कान गेलेत."

ओबदुलिया तिच्याकडे बघत राहिली. आपण काय बोललो होतो ते तिला पक्कं ठाऊक होतं. "हो, कानच गेलेत तुझे," ती म्हणाली आणि चौथं अंडं पुढे सरकवलं.

शेवटच्या अंड्यात काहीतरी हललं. "जिवंत आहे!" म्हातारी किंचाळली. "बघ, जीभ काढतंय!" ती हसत होती आणि रडत होती. ओबदुलियाने पिल्लू बोटावर उचललं. त्याची पाठ दोन ठिकाणी पिळलेली होती.

"वाकडं आहे."

"मी भरवीन त्याला. उंदरं मी फोडीन, मेरीमातेशप्पथ."

"तू केलंस ना हे? मग फ्रीझरमध्ये तूच ठेव."

तिच्या थोबाडीत द्यावी असं मला इतकं वाटलं की हात शिवशिवले. म्हातारीने मात्र डबी मुकाट्याने घेतली. फ्रीझर उघडून ती उभी राहिली. डबीत पिल्लू हळूहळू वळवळत होतं. पुन्हा आपल्या हातून चूक होऊ नये म्हणून तिने अगदी मनापासून विचारलं, "ओबदुलिया, कुठली बाजू वर ठेवू?"

"आता कशीही ठेव," ओबदुलिया म्हणाली.