पाठ फिरवून दिलेला डबा

शोभाताईंवर अन्याय झाला तो गेल्या श्रावणातल्या दुसऱ्या रविवारी, सकाळी साडेअकरा वाजता, नारपोलीतल्या आमच्या विहाराच्या पटांगणात. तो कोणी केला हे शेवटी उघड करायची पत्रकात रीत असते. मी आधीच सांगते. मी केला.

त्या आठवड्यात खाडीचं पाणी आमच्या गल्लीत शिरलं होतं. आमच्या मंडळातल्या पोरापोरींनी घरोघर फिरून तांदूळ, डाळ, तेल गोळा केलं. ते काम चांगलंच होतं, त्याबद्दल मी आजही माघार घेत नाही. पण वाटपाच्या वेळी माइक माझ्या हातात होता. शोभाताई आमच्याच गल्लीत भिशी चालवतात, म्हणजे लूममध्ये यंत्रमाग चालवणाऱ्या कामगारांची खाणावळ. एका खोलीत डझनभर माणसं दोन वेळा जेवतात, आणि प्रत्येकाचं ताट फळीवर ठरलेल्या जागी असतं. पाण्याने त्यांचं पीठ भिजलं होतं. त्या रांगेत सगळ्यांच्या मागे, पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या. मी नाव घेऊन त्यांना पुढे बोलावलं आणि फोटो होईपर्यंत पिशवी हातातच धरायला लावली. खाली ठेवू का, असं त्यांनी एकदा हळूच विचारलं होतं. मी म्हटलं, दोन मिनिटं थांबा ताई, लोकांना कळलं पाहिजे.

दुसऱ्या दिवशी पत्रक निघालं. वर त्यांचा फोटो, खाली माझं वाक्य: ही विझलेली चूल कोणाला दिसते का? मी स्वतः ते लूमच्या दारादारांवर चिकटवलं. तिथल्या कामगारांना मराठी वाचता येत नाही, पण फोटो सगळ्यांना वाचता येतो. त्यांना वाटलं, बाई खैरातीचा तांदूळ आणते आणि आपल्याला विकत खाऊ घालते. महिन्याभरात फळीवरची सहा ताटं गेली. खरं म्हणजे ती पिशवी शोभाताईंनी त्याच दुपारी शेजारच्या बाळंतिणीला देऊन टाकली होती. हे विचारायचं मला सुचलंच नव्हतं.

कळलं तेव्हा मला राग आला, तोही त्या सहा जणांचा. मंडळाच्या बैठकीत मी म्हटलं, खुलाशाचं दुसरं पत्रक काढू, यावेळी हिंदीत. कोणी भांडलं नाही. एक जण एवढंच म्हणाला की तू थोडे दिवस घरी बस. घरी पोचेपर्यंत ग्रुपमधून माझं नाव काढलेलं होतं.

घर म्हणजे भाड्याची एक खोली, आणि आई गेल्यापासून त्यात मी एकटी. सकाळी काल्हेरच्या गोडाउनला जायचं, दिवसभर खोक्यांवर स्कॅनर फिरवायचा, परत यायचं. आधी फोन सतत वाजायचा म्हणून मी वैतागायचे. आता तो उशाशी नुसता पडून असायचा. आई होती तोवर ती रोज संध्याकाळी वंदना म्हणायची आणि मला शेजारी बसवायची. ती गेल्यावर मी ते सोडलं. बसून पुटपुटल्याने कोणाचं पोट भरतं, असं मी लोकांना सुनवायचे. विहाराचं पटांगण कार्यक्रमांना वापरायचे, आत मात्र वर्षभर पाऊल टाकलं नव्हतं.

भाद्रपदात टायफॉइड झाला. गोळ्या आणल्या, पण उठून काही शिजवायची ताकद राहिली नाही. तीन दिवस बिस्किटं आणि पाणी. भिंतीपलीकडे लूम धडधडत असतात, त्या आवाजात खोकले तरी माझं मलाच ऐकू येत नव्हतं. चौथ्या दिवशी शुक्रवार. शुक्रवारी आमच्याकडे लूम बंद. दुपारी गल्ली इतकी गप्प झाली की मला भीती वाटली. इथे मी मेले तर कोणाला कधी कळेल, याचा मी शांतपणे हिशेब करत होते. मग आईची वंदना म्हणायला घेतली. अर्ध्यात अडखळले, पुढचं आठवेना. बुद्धाच्या तसबिरीकडे बघून मी म्हटलं, मला नाही जमत. एवढंच. मागितलं काही नाही. काय मागायचं तेही कळत नव्हतं.

थोड्या वेळाने कडी वाजली. दारात एक म्हातारे कामगार होते, मी त्यांना ओळखत नव्हते. त्यांनी उंबऱ्यावर डबा ठेवला आणि लगेच जिन्याकडे तोंड करून उभे राहिले. मी विचारलं, चाचा, असे का उभे आहात?

"शोभा बहन ने बोला है, देते वक्त मुँह नहीं देखना।"

डब्यात गरम पेज होती, वर थोडं मीठ. मी उंबऱ्यावरच बसून प्याले आणि रडले. चाचा पाठमोरेच होते. रिकामा डबा उचलताना म्हणाले की भिशीत असंच चालतं. ज्याचं काम सुटलंय त्याचं ताट बहन पहिलं वाढते आणि चुलीकडे वळते. तो किती खातो ते ती बघत नाही.

दहा दिवस डबा येत होता. बरी झाल्यावर मी माफीनामा टाइप करून भिशीत गेले. शोभाताईंनी कागद उलटसुलट केला.

"यात तरी माझा फोटो न्हाय ना?" मग कागद माझ्या हातात परत दिला. "पोरी, मला कळलं. त्या सहा जणांना कळलं न्हाय. त्यांना तोंडानं सांग."

मी आजारी आहे हे कसं कळलं, तेही विचारलं. त्या म्हणाल्या, शुक्रवारी लूम बंद होते, तुझा खोकला गल्लीभर ऐकू येत होता. इतकं साधं उत्तर. मी त्याला चमत्कार म्हणत नाही. पण मी हात टेकले त्याच दुपारी तो खोकला योग्य कानापर्यंत पोचला, हेही मला विसरता येत नाही.

शिफ्ट सुटायच्या वेळी मी लूमच्या दारात उभी राहिले. हातात कागद नाही, माइक नाही. मोडक्या हिंदीत एकेकाला सांगितलं की तांदूळ बहनने घेतला नव्हता, चूक माझी होती. गर्दीतून चाचा म्हणाले, "अरे, नेता लोग बिना माइक के भी बोल लेते हैं?" सगळे हसले, मीही. चार ताटं फळीवर परत आली. दोन जागा अजून रिकाम्या आहेत. आता मी भिशीत भाकऱ्या वाढायला जाते तेव्हा त्या दिसतात.

त्यानंतरच्या रविवारी विहारात आत जाऊन बसले. आजूबाजूला कोणी ओळखीचं नव्हतं. वंदना पूर्ण झाली. शरण जाणं म्हणजे हरणं, असं मी समजत होते. त्या उंबऱ्यावर मला दुसऱ्याच्या हातचं घ्यावं लागलं, कोणी न बघता, आणि तेव्हा कुठे थोडं उमगलं. त्या पेजेसाठी मी तथागतांची, आईची आणि शोभाताईंची ऋणी आहे.

तुम्हीही कुठे ना कुठे वाटप केलं असेल. मोबाइल उघडा. हातात पिशवी धरून उभ्या असलेल्या माणसाचा फोटो त्यात असेल, तो आत्ता पुसा. मग रिकाम्या हाताने त्याच्या दारी जा, आणि त्या दिवसानंतर त्याचं काय झालं ते विचारा.