गार्डसाहेबांच्या शेजारची जागा

रविवार, ११ जानेवारी.

चार महिने या ब्लॉगवर एक ओळ लिहिली नाही, त्याबद्दल माफ करा. ‘फार कामं होती’ असं आधी लिहिलं आणि खोडलं. कामं नव्हती, आळस होता.

आज मात्र प्रवास घडला. नागपूरच्या नंदनवन भागातल्या घरापासून ऑटोनं अर्धा तास आणि पुढं रेल्वेनं पाच मिनिटं. याला प्रवास म्हणावं का, यावर मी बराच विचार केला. गाडी होती, तिकीट होतं, भांडण होतं. म्हणजे प्रवासच.

माझे बाबा छोट्या रेल्वेवर, म्हणजे अडीच फुटी नॅरोगेजवर, चौतीस वर्षं गार्ड होते. ती लाइन आता गेली. तसले जुने डबे आणि इंजिनं आमच्या शहरात एका रेल्वे संग्रहालयात जपून ठेवली आहेत आणि त्यातली एक गाडी बागेभोवती गोल फेऱ्या मारते. ‘चला, बसून येऊ’ म्हटल्याबरोबर बाबांनी ट्रंकेतून शिट्टी आणि दोन झेंडे काढले. आईनं एकच अट घातली.

“येते मी. पण ह्यांनी माह्या बाजूले बसायचं.”

ही अट साधी नव्हती. रेल्वेच्या पासावर मोठ्या गाडीनं दोघं पार मुंबईपर्यंत शेजारी बसून जाऊन आलेत. पण छोट्या गाडीत आई कायम प्रवाशांच्या डब्यात आणि बाबा शेवटी गार्डच्या डब्यात, ब्रेकव्हॅनमध्ये. लग्नाच्या दिवशीसुद्धा. लग्न उमरेडला झालं आणि वरात छोट्या गाडीनंच नागपूरला परतणार होती. त्या गाडीचा गार्ड बाबांचा मित्र. तो लग्नात बुंदी जरा जास्त जेवला आणि फलाटावर पोट धरून बसला. बाबा गळ्यातल्या हारासकट ब्रेकव्हॅनमध्ये चढले. आई पांढऱ्याशुभ्र साडीत खिडकीशी एकटी, पुढं वाफेचं इंजिन. नागपूर येईपर्यंत साडीभर कोळशाचे ठिपके. हार खरंच गळ्यात होता का, हे मी दोघांना वेगवेगळं विचारलं आहे. आई हो म्हणते, बाबा विषय बदलतात. म्हणून होता असं धरते.

जाणाऱ्यांसाठी: सकाळी जा आणि आदल्या दिवशी वेळ विचारून घ्या. आम्ही विचारली नव्हती, त्यामुळे बंद दारासमोर उभं राहून काटोलची संत्री खाल्ली. त्याआधी तर्री-पोहे झाले होते; गाडीचं तिकीट त्याहून स्वस्त पडलं.

“गार्ड तिकीट काढत नसते,” बाबांनी खिडकीवरच्या बाईंना सांगितलं.

“नसन काढत काका. पण गाडीत बसणारा काढते.”

मी मागून गुपचूप तिसरं तिकीट घेतलं.

तीन बुटके डबे, आत लाकडी पट्ट्यांचे बाक. आई मधल्या डब्यात बसली आणि शेजारच्या जागेवर पर्स ठेवली. बाबा मात्र गाडीच्या मागं गेले आणि तिथूनच ओरडले, “एलव्हीची पाटी कुठं हाय?”

एलव्ही म्हणजे ‘लास्ट व्हेइकल’; शेवटच्या डब्याच्या मागं ही पाटी लावतात. ती दिसली की गाडी पूर्ण आली, वाटेत एखादा डबा सुटला नाही, हे स्टेशनवाल्यांना कळतं. पाटी नाही तर गाडी नाही.

ड्रायव्हर पन्नाशीचे, शांत गृहस्थ होते. ते खाली उतरून आले. “काका, ही गोल फिरते. सुटलेला डबा आपल्याले पुढं भेटतेच.”

“भेटते म्हणजे? ठोकसान त्याले!”

अख्खी गाडी हसली. बाबा हलले नाहीत. शेवटी तिकिटाच्या खिडकीतून एक पुठ्ठा आला, त्यावर मी स्केचपेननं अक्षरं काढली आणि ड्रायव्हरनी तो सुतळीनं बांधला. बाबांनी शिट्टी फुंकली, हिरवा झेंडा दाखवला आणि शेवटच्या डब्याच्या दारात उभे राहिले. मी उत्साहानं त्यांचे सात फोटो काढले.

मधल्या डब्यात एका माणसानं आईला विचारलं, “इथं कोणी हाय का?”

“हाव. येऊन राहिले,” आई म्हणाली. “अठ्ठेचाळीस वर्षांपासून येऊन राहिले.”

फेरी संपली. सगळे उतरले, आई उतरली नाही. “दुसरं तिकीट काढ,” एवढंच म्हणाली. तिच्या आवाजावरून मला तिची अट आणि माझे सात फोटो आठवले आणि लाज वाटली. मी बाबांकडे गेले.

“तुम्ही बसा ना आता तिच्याजवळ.”

“गाडी सोडून गार्ड बसते का कुठं? चार्ज दिल्याशिवाय हलता येत नाही.”

“मग कोणाला द्यायचा?”

“रिलीव्हर पाहिजे.”

आजूबाजूला रिलीव्हर, म्हणजे ड्यूटीचा चार्ज घेणारा दुसरा गार्ड, नव्हता. मी एम.कॉम. आहे, रेल्वेचं काहीच शिकलेले नाही. हे नियमात बसतं का, असा प्रश्न मनात आला; तो मी तिथंच सोडून दिला. डायरी काढली आणि लिहिलं: ‘गाडी, शिट्टी, झेंडे दोन, पाटी एक मिळाली. चार्ज घेतला.’ खाली वेळ आणि सही.

बाबांनी ते दोनदा वाचलं. “अकरा सत्तावीस नाही, अठ्ठावीस.” मी दुरुस्त केलं. “पहिले शिट्टी का पहिले झेंडा?”

“शिट्टी,” मी अंदाजानं म्हटलं.

“हं.” त्यांनी शिट्टी आणि झेंडे माझ्या हातात दिले आणि मधल्या डब्याकडे निघाले.

आईनं पर्स उचलली. ते बसले. शेवटच्या डब्याच्या दारातून मला दोघं पाठमोरी दिसत होती. गाडी काही हलेना. मग बाबा अर्धवट उठून मागं वळले, तेव्हा लक्षात आलं की मी शिट्टीच वाजवली नव्हती. आईनं त्यांचं स्वेटर धरून त्यांना खाली बसवलं. “बसा. ड्यूटी तिची हाय.”

मी शिट्टी वाजवली, झेंडा दाखवला. गाडी निघाली.

जन्मभर फलाटावर ओरडलेल्या माणसाचा आवाज हळू होत नाही, त्यामुळे पुढचं मला मागं उभं राहूनही ऐकू आलं.

“अवं, एवढा कडक असते हा बाक?”

“हाव.”

“पाठ टेकली तं पट्टी रुतून राहिली.”

“हाव.”

“तू उमरेडपासून अशीच बसून आली होती?”

“मंग? लोकाईले साडीचे ठिपके दिसले. पाठीचे वळ कोणाले दाखवू?”

बाबांनी गळ्यातला मफलर काढला, घडी केली आणि आईच्या पाठीमागं सारला. तोवर इंजिनानं फलाटाचं वळण घेतलं होतं.

“आता काय करता,” आई म्हणाली. “आलं नागपूर.”

पाच मिनिटांच्या गाडीसाठी जावं का? जावं. पण आपल्या माणसाला घेऊन, आणि शक्य असेल तर दोन फेऱ्यांसाठी. मी घरी आल्यावर आईला विचारलं, कसं वाटलं? “धूर नव्हता,” ती म्हणाली.

आमच्या व्हरांड्यात एक आरामखुर्ची आहे, ती बाबांची. आई संध्याकाळी उंबऱ्यावर बसते. हे मी लहानपणापासून बघते आहे आणि त्यात काही विचारण्यासारखं आहे असं मला आजवर वाटलं नव्हतं. आज बाबा खुर्चीपाशी गेले आणि बसलेच नाहीत. मग मला म्हणाले, “दोघं बसतीन असं काही भेटते का बजारात? पट्ट्यांचं नको.”

उद्या: गादीचा बाक बघून येणे. दोघांचा.